किल्ल्या सांभाळणारा

महादेवा,

रविवारी आमची प्रार्थना चालू असताना घरावर दगड आले, तेव्हा तू समोरच्या कट्ट्यावर बसलेलास. झटापटीत पडू नयेत म्हणून दगड मारणाऱ्या पोरांनी गाड्यांच्या किल्ल्या आणि मोबाईल तुझ्या टॉवेलात दिलेले. "म्या एक दगड बी उचलला न्हाय, आक्का," असं फोनवर म्हणालास. खरं हाय. आई गेल्यावर आपल्या दोघांना वाढवलेल्या मंगलमावशीचा डोळा गेला, तो दुसऱ्याच्या दगडानं. पोलीस फाटकाशी उभे होते. सगळं फोडून झाल्यावर आत आले आणि आमच्या पास्टरांनाच धरून नेलं.

आज दवाखान्यात मावशी म्हणाली, "पयल्या ख्रिस्ती लोकांतल्या एकाला असंच दगडांनी मारलं. मारणाऱ्यांचे अंगरखे सांभाळत एक तरुण उभा होता. त्योच पुढं मोठा प्रेषित झाला. आपला महादेव बी येईल गं आपल्यात."

पुढचं पास्टरांनी मला शिकवलंय, तिला ठाऊक न्हाय. तीन-साडेतीनशे वर्षांनी तिथला राजाच आमच्या धर्मात आला, तशी आमचीच माणसं जमाव करून दुसऱ्यांची देवळं फोडायला लागली. राजाचे शिपाई बघत राहिले.

म्हणून सांगते, तू आमच्यात येऊ नको रं. उद्या राज्य आमचं आलं, तर आमच्या पोरांच्या किल्ल्या बी तूच सांभाळशील, आणि आत कुणाची तरी मावशी असेल.

पण हे पाठवत न्हाय. उरलेल्या डोळ्यानं मावशी दाराकडं बघत बसलीया.

तुझीच आक्का,
रचना