रद्द झालेली गाडी

तीर्थरूप दादा यांस,

धाकट्या मामेभावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात भिंतीला टेकून नुसते हात जोडलेत, तू आपला साष्टांगच धर.) वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुझा रक्तदाब कसा आहे? हे रीत म्हणून विचारत नाही. सकाळची गोळी घेतली नसशील तर आधी घे, आणि पुढचं बसून वाच. आत्या, म्हणजे तुझ्या मातोश्री, ठणठणीत आहेत. इकडे बाकी सगळं क्षेम आहे. क्षेम जरा प्रमाणाबाहेर झालंय, म्हणूनच हे पत्र.

तुला ठाऊक आहे की मी घरातल्या अडगळीच्या खोलीत लोकांची पुस्तकं वाचून घेतो आणि ध्वनिमुद्रित करतो. खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या आहेत, पंखा लावता येत नाही (तो कुरकुरतो), आणि वाचणारा माणूस दोन प्रकरणांत घामाने असा निथळतो की बायको टॉवेल घेऊन दाराशीच उभी असते. सध्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची कादंबरी चालू आहे. बाई दिवसभर लोकांच्या दाढा काढतात आणि फावल्या वेळात ऐतिहासिक प्रेमकथा लिहितात. या कादंबरीत एका किल्लेदाराची मुलगी आहे आणि एक घोडदळातला सरदार आहे. त्यांची ताटातूट करायला बाईंनी एक युद्ध, एक विषप्रयोग, एक फितूर दासी आणि दारूच्या कोठाराला लागलेली आग एवढं सगळं खर्ची घातलंय. मग अर्धं आयुष्य गेल्यावर, दोघांचे केस पिकल्यावर, सरदार तहाचं बोलणं करायला गडाच्या दारात येतो, तर समोर किल्लेदार म्हणून तीच उभी! वाचताना मीही दोनदा डोळे पुसले. (एकदा घामामुळे.)

किल्लेदारणीच्या आवाजासाठी बाईंना वयस्क, हुकमी स्त्री हवी होती. मी आत्याला बोलावलं. आता तिने सगळी नोकरी बसस्थानकावर काढली, चौकशीची खिडकी सांभाळली, गाड्यांच्या घोषणा केल्या, हे तुला मी काय सांगायचं! पण दादा, ती नोकरी तिच्या घशातून अजून निवृत्त झालेली नाही. "सरदार, तुम्ही आलात" हे वाक्य तिने असं म्हटलं की सरदार फलाट तीनवर लागलेत आणि प्रवाशांनी सामानासह जागेवर बसावं असं वाटलं. वर प्रत्येक वाक्य दोनदा. "मी तुमची वाट पाहिली. मी तुमची वाट पाहिली." मी म्हटलं, आत्या, एकदाच. तर म्हणते, "अरे, पहिल्यांदा कुणाचं लक्ष नसतं. दुसऱ्यांदा ऐकतात."

सरदाराची कथा याहून वरताण. ठरवलेला तरणाबांड नट ऐन वेळी घसा बसून घरी पडला. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आपल्याच दवाखान्यातला एक पेशंट आणला. गृहस्थ सत्तरीचे, सडसडीत, पांढरी दाढी. बाईंनी त्यांना नवी कवळी बसवली, ती बसते का बघायला काहीतरी बोला म्हणाल्या, आणि ते जे दोन शब्द बोलले ते ऐकून बाईंच्या हातातला आरसाच खाली आला. आवाज खरोखर तसाच आहे. जुन्या सागवानी कपाटाचं दार उघडावं तसा, खोल आणि ऊबदार. अडचण एवढीच की गृहस्थ उभा जन्म एका फिरत्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. पडद्यामागे बसून दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजायची हाच धंदा, त्यामुळे मोठ्याने बोलायची सवयच नाही. माइक त्यांच्या ओठांना टेकवायचा तेवढा बाकी ठेवला मी. शिवाय नव्या कवळीमुळे प्रत्येक 'स' शीळ घालतो, आणि कादंबरीत 'सरदार' किती वेळा येतं ते तूच समज.

पहिले काही दिवस हे असं चाललं: ती गाडी सोडल्यासारखी गरजायची, ते गाडी चुकल्यासारखे पुटपुटायचे, मी दोन वाट्या आपटून घोडा दौडवायचो, आणि डॉक्टरीणबाई माझ्या शेजारी, खोलीतल्या काचेच्या आडोशामागे बसून रुमाल पिळायच्या. दोघं एकमेकांशी 'बसा', 'पाणी घ्या' यापलीकडे बोलत नव्हती. ते मात्र आत्या बोलायला लागली की कागदावरची नजर उचलून तिच्याकडे बघत राहायचे आणि आपली जागा चुकायचे. मला वाटलं, वयामुळे होतंय.

मग भेटीचं प्रकरण आलं. भर दुपार. आत्याने सुरुवात केली आणि मधेच तिचा चष्मा घामाने घसरून खाली पडला. पुढचं वाक्य दिसेना. ती थांबली. आणि गृहस्थांनी, अगदी हाडात मुरलेली सवय, किंचित पुढे झुकून तिला ते वाक्य कुजबुजून पुरवलं: "इतकी वर्षं कुठे होतात?"

आत्याने ते म्हटलंच नाही. कानावरचे हेडफोन काढले आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"तुम्ही त्या नाटक कंपनीचे ना? चौकशीच्या खिडकीशी यायचे, ते?"

"हो," ते म्हणाले. "मी तुम्हाला पहिल्याच दिवशी ओळखलं. आवाजावरून. पण म्हटलं, आता कशाला."

"काच होती मधे. चेहरा कधी नीट दिसलाच नाही, खालच्या भोकातून नुसती कुजबुज यायची." आत्याने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "मग एकाएकी यायचं बंद का केलंत?"

"तुम्हीच म्हणालात, रद्द झाली."

"काय रद्द झाली?"

"मी विचारलं होतं, येणार का? म्हणजे, माझ्याबरोबर. कंपनी दुसऱ्या दिवशी गाव सोडणार होती. तुम्ही म्हणालात, रद्द झाली आहे, आता येणार नाही."

दादा, मी आयुष्यभर आवाज ऐकायचंच काम केलंय. पण त्या क्षणी माझ्या कानात जे आलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. आत्याने हातातला कागद मांडीवर ठेवला, तो ऐकू आला. खाली पडलेला चष्मा तिने उचलून पदराने पुसला, ते ऐकू आलं. त्यांची खुर्ची पुढे सरकली तेही. मी यंत्र बंद करायला हवं होतं, पण केलं नाही. देवळात गाभाऱ्याशी चुकून एकटंच उभं राहिल्यासारखं झालं.

"अहो," आत्या म्हणाली, आणि हा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, "मला वाटलं गाडीचं विचारताय."

शेजारी डॉक्टरीणबाईंनी रुमाल तोंडात कोंबला होता. तो काढून मला म्हणाल्या, "मी यासाठी अख्खा गड जाळला हो! आणि इथे नुसती एक बस!" (त्यांना कादंबरी तिथल्या तिथे बदलायची होती. गडावर बस कुठून आणायची, या प्रश्नावर त्या अजून अडल्या आहेत.)

आत आत्या विचारत होती, "मोठ्याने विचारायला काय झालं होतं?"

"मागे रांग होती."

यावर आत्या हसली. हसता हसता डोळे पुसले, मग पुन्हा हसली. मग सरळ बसली आणि म्हणाली, "एक आधीच सांगते. मी दुःखात दिवस काढले नाहीत. आमचे हे फार चांगले होते. मुलगा चांगला आहे. मी तुमच्या नावाने खिडकीशी बसून राहिले होते असं समजू नका."

"ऐकून बरं वाटलं," ते म्हणाले. दादा, माइकसमोर खोटं बोलणारा मला लगेच कळतो. त्यांना खरोखर बरं वाटलं होतं. त्यांची बायकोही पुष्कळ वर्षं अंथरुणाला खिळून होती, शेवटपर्यंत सगळं त्यांनीच केलं, असं मागून डॉक्टरीणबाईंकडून कळलं.

"आता मागे कुणी नाही," आत्या म्हणाली.

त्यांनी खरंच वळून बघितलं. मागे माझी जुनी गादी होती. मग ते उठून उभे राहिले, शर्ट नीट केला, आणि ज्या माणसाने जन्मभर प्रेक्षकांना ऐकू जाऊ नये असं बोलायचं काम केलं, त्याने एवढ्या मोठ्याने "येणार का?" विचारलं की माझ्या यंत्राचा काटा लाल रेघेपार गेला आणि बायको टॉवेल घेऊन आत धावली.

आत्या म्हणाली, "आधी प्रकरण पुरं करू." आणि त्यांनी ते पुरं केलं. एका दमात. तिने एकही वाक्य दोनदा म्हटलं नाही. किल्लेदारीण दार उघडते तिथे माझ्या हातातल्या वाट्या तशाच राहिल्या. त्या प्रकरणात सरदार घोड्याविनाच आलाय आणि कुणाच्या लक्षातही आलेलं नाही. मी पंख्याशिवाय बसलो होतो आणि अंगावर काटा होता.

तर दादा, मुद्दा असा. आत्याने अजून त्यांना उत्तर दिलेलं नाही. माझी खात्री आहे की ती तुझ्या शब्दासाठी अडली आहे. तुला विचारायचा तिला धीर होत नाही. तू मोठा आहेस, समजूतदार आहेस. लोक काय म्हणतील याचा विचार करू नकोस. लोकांना आम्ही आधीच सांगितलंय. तू मोठ्या मनाने परवानगी दे, एवढीच हात जोडून विनंती.

तुझा धाकटा,
(कंबर धरलेला)

ता. क. पाकीट बंद करण्याआधी पत्र आत्याला दाखवलं. ती म्हणते, परवानगी वगैरे कुणी कुणाकडे मागितलेली नाही. उत्तर तिने त्याच दिवशी जिन्यात दिलं होतं आणि गेल्या आठवड्यात दोघं नोंदणी कार्यालयात जाऊन सही करून आली. साक्षीदार म्हणून डॉक्टरीणबाई होत्या. मला कुणी बोलावलं नाही. (मी रुसलो आहे, हे कृपया नोंदवून घे.) माझी कंबर तिचं कपाट त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर चढवताना गेली, तेव्हाही 'घरात जागा नाही, त्यांच्याकडे ठेवू' एवढंच मला सांगितलं होतं.

ता. क. दुसरा. इथून पुढे अक्षर माझं, तुझ्या आईचं. याने जरा तिखटमीठ लावलंय, पण खोटं काही नाही. फोनवर सांगायला गेले आणि प्रत्येक वेळी तुझ्या खोकल्याचीच चौकशी करत बसले. तुझ्या बाबांचा फोटो बरोबर आणलाय. मी सांगायच्या आधीच यांनी बैठकीत, खिडकीसमोर, त्याच्यासाठी खिळा ठोकून ठेवला होता. खिळा वाकडा आहे, फोटो एका बाजूला कलतो. यांना मी हात लावू दिलेला नाही. तू ये आणि सरळ कर.