मागून दिसणारी चाल

ता. ४ मार्च

चि. ठमीस,

आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो; मनात आज एकही नाही. फोन मुद्दाम केला नाही, तोंडातून भलतंसलतं गेलं असतं.

रविवारी तुझ्या गेमची जाहिरात टीव्हीवर लावली. आत्यानं राक्षस केलाय म्हणून तुझी भाची नाचत होती, बाबा पुढच्या खुर्चीत कौतुकानं बसले होते. दलदलीतून ते धूड निघालं, आपल्याकडे पाठ करून चालायला लागलं आणि तुझ्या वहिनीच्या हातातला कप तसाच राहिला. उजवी कंबर वर, पाय बाहेरून गोल फिरवत पुढे, अंगठा जमिनीला घासत. अगं, ते बाबा होते! अर्धांगाचा झटका आल्यापासून दीड वर्ष मी रोज त्यांच्या मागून चालतोय, मला ओळखू येणार नाही?

त्यांच्या चालण्याचे व्हिडिओ मी तुला त्यांची मुलगी म्हणून पाठवत होतो. फिजिओथेरपीवाल्या बाईंसाठी काढलेले, नुसत्या चड्डीवरचे! त्यांचा तू राक्षस केलास? लाज कशी वाटली नाही?

बाबांनी जाहिरात तीनदा लावायला सांगितली. मग काठी दाराला टेकवली आणि भिंत धरत खोलीत गेले. तेव्हापासून बाथरूमपलीकडे पाऊल नाही. बाई म्हणाल्या, तीन आठवडे असेच बसले तर पाय आखडेल, मग कायमची चाकाची खुर्ची. हे तुझं कर्तृत्व.

लोभाचं पुढे बघू.

दादा

ता. ९ मार्च

ती. दादास,

साष्टांग नमस्कार, पण मान ताठ ठेवून.

ओरड, तुझा हक्क आहे. पण मी मजेत केलं असं समजू नकोस, डोकं फिरतं माझं. चार महिने त्या जनावराला चालवत होते. कातडीवरचं शेवाळ पास, डोळ्यांतली चमक पास. चाल काही केल्या पास होईना. साहेब रोज म्हणायचे, वजन नाही, रबराचं वाटतंय. आम्ही खऱ्या चालीचे व्हिडिओ समोर ठेवून एकेक फ्रेम उतरवतो. हत्ती बघून झाले, अस्वलं बघून झाली. एका दुपारी तुझा व्हिडिओ आला, तो बाजूच्या स्क्रीनवर चालूच राहिला आणि माझा हात आपोआप त्याच्यामागे जायला लागला. तिसऱ्या दिवशी कळलं मला, काय करतेय ते. तरी थांबले नाही. पहिल्यांदाच ते जिवंत दिसत होतं. झालं समाधान?

काल साहेबांकडे जाऊन चाल बदलू द्या म्हटलं. म्हणाले, लोक त्या चालीवरच फिदा आहेत, शहरभर होर्डिंग लागलीत. राजीनामा देते म्हटलं, तर म्हणाले, दे, चाल इथेच राहील. असा संताप आला की जिन्यात उभी राहून रडले.

एवढं कर. बाबांना सांग की ती अस्वलाची चाल आहे, तुम्ही कुठे तसे चालता, तुमचं तर आता जाणवतसुद्धा नाही. मीही फोनवर तेच सांगेन. एकदा चालायला लागू देत, मग मला हवं ते बोल.

लोभ असावा, निदान आटू नये.

ठमी

ता. १३ मार्च

चि. ठमीस,

आशीर्वाद, अर्धे.

तुझं अस्वल सांगून बघितलं. बाबांनी पाण्याचा पेला भिंतीवर फेकला. स्टीलचा होता म्हणून वाचला. मग तुझं पत्र माझ्याकडून वाचून घेतलं आणि कागद मागितला. उजवा हात चालत नाही, म्हणून डाव्या हातानं दोन दिवस लिहीत होते. सोबत पाठवतोय. मी वाचलंय, कारण ते मलाही आहे. तेव्हापासून तुला शिव्या घालायचं तोंड मला राहिलेलं नाही.

दादा

ता. १२ मार्च

चि. ठमी आणि चि. दादा,

आशीर्वाद आहेत, रागासकट घ्या.

राक्षस चांगला झालाय. चाल माझीच आहे. अस्वलाच्या नावावर खपवू नका, पाय गेलाय, अक्कल नाही.

तीस वर्षं शाळेत कवायत शिकवली मी. हजारो पोरांची पावलं सुधारली, ती कशी? चुकलं की तिथल्या तिथे सांगायचो, तुझी टाच उचलत नाहीये, तुझा खांदा पडतोय. मला माझी पाठ दिसत नाही. तुम्हा दोघांना दीड वर्ष दिसत होती. मी रोज विचारत होतो. दादा म्हणायचा, बाबा, झकास. ठमी म्हणायची, काही झालं होतं असं वाटतच नाही. मी विश्वास ठेवला! माझा पाय इतका बाहेर फिरतो हे मला एका राक्षसाकडून कळलं, पोटच्या पोरांकडून नाही. ठमे, माझं एकेक पाऊल तू दिवसचे दिवस मोजलंस आणि त्यातलं एकही मला सांगितलं नाहीस.

राक्षसाची लाज वाटली नाही मला. दीड वर्ष गल्लीतून वेड्यासारखा छाती काढून फिरत होतो, त्याची वाटली. म्हणून बसलो.

नोकरी सोडू नकोस. रविवारी ये. दादा मागून व्हिडिओ काढेल, तो आधी मी बघणार. तू शेजारी बसायचंस, एकेक फ्रेम थांबवायची आणि कुठे काय चुकतंय ते सांगायचं. दोघांपैकी एकजण जरी गोड बोललात, तर उठून खोलीत जाईन, आणि मग चाकाच्या खुर्चीवरूनच बाहेर काढावं लागेल मला.

तुमचा,
बाबा