नाही म्हणणारा माणूस

प्रिय साहेब,

चिडू नकोस. इथली नोकरी सोडून तू हुद्द्यांच्या पायऱ्यापायऱ्या असलेल्या त्या मोठ्या कारखान्यात गेलास, तेव्हापासून मी तुला असंच चिडवत आलोय, मग आज एकदम नावाने कशी हाक मारू? तिथे तुझ्या हाताखाली बरीच माणसं आहेत म्हणे. तुझ्या वरही तितकीच असतील. आमच्याकडे अजून तेच. वर मालकीण बाई, आणि खाली आम्ही सगळे एका रांगेत.

तू निघालास त्या दिवशी मी तुला बरंच काही सुनावलं होतं. इथे साहेब नाही, कुणाची हांजी हांजी नाही, वाढायचं तर कामात वाढावं, हे बाईंचं बोलणं मी माझंच असल्यासारखं तुला ऐकवलं. ते मला अजूनही पटतं. मीही तसाच वाढलो. आधी प्लास्टरचे साचे, मग गुडघ्याचे सांधे, मग उरलेला पाय जिच्यात बसतो ती वाटी. पगार वाढला, पाटी कधी लागली नाही. बायकोचे भाऊ विचारायचे, भावोजी, सध्या कोणत्या पोस्टवर? मी म्हणायचो, टेबलावर.

राहिलं होतं ते लहान मुलांच्या कृत्रिम पायांचं काम. ते आपल्याकडचं सगळ्यात नाजूक. वाटीची कड जरा चुकली तर पोर सांगत नाही, नुसतं चालायचं बंद करतं. ते काम मला हवं होतं. मागायचं कुणाकडे? सोमवारी सकाळी अजूनही सगळी कामं लांब टेबलावर मांडतात आणि जो उचलेल त्याचं ते काम. बैठकीत मी म्हटलं, यापुढे मुलांची कामं मी घेईन. सगळ्यांनी माना हलवल्या. बाई म्हणाल्या, अवश्य घ्या. आणि पुढच्या सोमवारी मी टेबलाशी पोचेपर्यंत मुलांचं एकही काम शिल्लक नव्हतं. त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच. मला वाटलं, तरुण मंडळी चपळ आहेत. मग मी लवकर जायला लागलो, तर तीही लवकर यायला लागली. मला आपलं हसू यायचं.

एकदा मात्र एक काम हाताला लागलं. सहा-सात वर्षांची मुलगी असेल, मापावरून सांगतो. जीव ओतून वाटी केली आणि ठेवून दिली. दोन दिवसांनी भंगाराच्या पिंपात चपटी कानस शोधत होतो, तर तळाशी माझीच वाटी. मुलीला दिली ती दुसरीच होती.

ती चिमणीने केली होती. तुला आठवत असेल, तू गेलास तेव्हा नुकतीच लागली होती, कानस उलटी धरायची. मीच तिला शिकवलं. तिला विचारलं तेव्हा ती बराच वेळ टेबल पुसत राहिली. मग म्हणाली, काका, तुम्हाला सांगायचं कुणी, हेच आमचं ठरेना. म्हणजे त्या सगळ्यांचं आपसात बोलणं झालं होतं. मी कड घासलेल्या वाट्या गेले कित्येक महिने गुपचूप तिच्या टेबलावरून दुरुस्त होऊन जात होत्या. बाईंनाही माहीत होतं. त्यांना मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, इथे कुणी कुणाच्या हातातलं काम काढून घेत नाही, हा आपला नियम आहे ना. हे बोलताना त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांचा राग आला आणि तो येतो म्हणून लाजही वाटली.

त्या दिवशी घरी चहा घेताना पाहिलं, कप अर्धाच भरलेला होता. बायको बरेच दिवस अर्धाच कप देतेय. मी तिला कंजूष म्हणून चिडवायचो आणि ती हसून पुन्हा अर्धा भरून द्यायची. त्या दिवशी मी उजवा हात मांडीखाली दाबून बसलो.

डॉक्टरकडे जाऊन आलो. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. काम करू का, असं विचारलं तर म्हणाले, जमेल तितकं करा. बघ, तेही आमच्यातलेच निघाले.

म्हणून हे पत्र. मला भीती वाटतेय रे. हात थरथरतो हे कळलं, पण तो किती गेला आणि किती उरला हे मला माझं कळत नाही, आणि माझ्यावर जीव असलेलं कुणी ते सांगणार नाही. येत्या रविवारी ये. कारखान्याची किल्ली आमच्याकडे सगळ्यांकडेच असते. मी तुझ्यासमोर एक वाटी घासतो, लहान मापाची. तू शेजारी उभा राहून बघ आणि सांग, एखाद्या पोराचं काम माझ्या हातात देशील का. तिथे रोज कुणाला तरी नाही म्हणत असशील, एकदा मलाही म्हण. एका दिवसापुरता माझा साहेब हो. फक्त नुसती मान हलवू नकोस.

तुझाच,
टेबलाशेजारचा