बत्तीस घरांच्या खुर्च्या

पुणे, ता. १२ फेब्रुवारी १९३८

ती. सौ. मालुआक्काच्या चरणी परशरामचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. मोजणीसाठी फिरताना तुझ्या आळीतल्या बत्तीस घरी बत्तीसदा चहा प्यालो, त्यामुळं पोट अजून बिघडलंय. बाकी कुशल.

आमच्या साहेबांनी विलायतेतल्या एका खेड्याचा तक्ता आणलाय. घरात खुर्च्या किती, खिडक्या किती, यावरून कुठल्या देशातलं खेडं किती गरीब ते ठरतं. तुमच्याकडं घरटी एक खुर्ची निघाली! बेळगुंदी विलायतेच्या पंक्तीला बसली आणि मी हुशार ठरलो. गणितात दोनदा नापास झालोय, हे साहेबांना सांगितलं नाही.

एक वाईट बातमी आहे. यादीत जे गाव सर्वांत गरीब, त्याला फंडातून दवाखाना आणि सुईण मिळणार. ती आता दुसरीकडं जाईल. तुझ्या सुनेला, जयाबाईला, सातवा लागलाय हे मला ठाऊक आहे, पण आकड्यांपुढं माझं काय चालणार?

या बातमीनं धाकट्या भावावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा परशराम

बेळगुंदी, ता. २० फेब्रुवारी १९३८

चि. परशरामास मालुआक्काचे अ. उ. आ.

बाबा रं, चौथी शिकलेली मी, तुला काय शिकवू? खुर्ची एकच होती. शाळेतल्या मास्तरांची. गावच्या सुनेचा भाऊ घरी आलाय, त्याला पोत्यावर कसं बसवायचं? तू उठलास की पान-सुपारीला सोप्यात थांबवायचं, तवर आमचे हे परसदारानं खुर्ची डोक्यावर घेऊन पुढच्या घरी. त्यांची मान अजून धरलीया. खुर्ची डुगडुगती म्हणून तू दर घरी पायाखाली कागद दुमडून घालत होतास. मला वाटलं, आता वळखशील, मग वळखशील. कुठलं काय! ते बत्तीस कागद मी जपून ठेवलेत.

चूक आमचीबी हाय. पण तू इचारलंस काय, तर खुर्च्या. मी नांदायला आल्यापास्नं या आळीत पाच बाया बाळंतपणात गेल्या, बैलगाडी बेळगावला पोचायच्या आत. पाचवी नागुबाईची सून. त्याच घरी तू चहा पुन्हा मागून घेतलास. हे लिही तुझ्या तक्त्यात. हा आकडा शेजारनं उसना आणावा लागत न्हाय.

मला जयाबाईचं लई भ्या वाटतंय रं. पोटाला जप.

तुझी आक्का

पुणे, ता. २ मार्च १९३८

ती. सौ. आक्काच्या चरणी शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र साहेबांना वाचून दाखवलं. आधी ते पोट धरून हसले. एकाच खुर्चीवर बत्तीसदा बसून ज्याला कळलं नाही, तो माणूस मोजणीवर ठेवावा का, असं त्यांनी मलाच विचारलं. ठेवू नये, असं मी सांगितलं. नागुबाईच्या सुनेपाशी आलो आणि मला पुढं वाचवेना. तो मागून घेतलेला चहा आठवला. लाज वाटली, आक्का. उरलेलं पत्र साहेबांनी स्वतः वाचलं.

मग त्यांनी विलायतेच्या तक्त्यात तो रकाना शोधला. नव्हता. पट्टी घेऊन त्यांनी आपल्या हातानं नवा आखला आणि त्यात पाच लिहिले. दवाखान्याला दिवाळी उजाडेल, पण सुईण येत्या गुढीपाडव्याला बेळगुंदीत हजर होते.

मला मोजणीवरून काढून बेरजेला बसवलंय. ज्या गावांचे आकडे माझ्या हाती येतील, त्यांचं देवच भलं करो!

सुईणबाईंना बसायला मास्तरांची खुर्ची मागून ठेव. पायाखाली घालायला कागद तुझ्याकडं आहेतच. भाऊजींच्या मानेला माझा वेगळा नमस्कार.

आहे तसा गोड मानून घे,
परशराम