रेंजमध्ये फक्त मिरची

५ जाने.
अकरावी सायन्सला फंक्शन सुरू केलं. डोमेन म्हणजे ज्यांना आत टाकायचं ते सगळे. प्रत्येकाला उत्तर एक आणि एकच. कोडोमेन म्हणजे जिथून उत्तर येऊ शकतं तो सगळा डबा. रेंज म्हणजे खरोखर आली तेवढीच उत्तरं. मी स्वतःवर खूश. वर्ग गार. मागून आवाज, "सर, पेपरात येते का हे?" येतं म्हटल्यावर सगळ्यांनी उतरवून घेतलं. डोक्यात किती गेलं ते…

७ जाने.
अर्धा वर्ग गायब. तेलंगणात मिरची तोडणी लागली, घरंच्या घरं निघाली. प्राचार्य म्हणतात, शिकवत राहा. डोमेन टेम्पोत बसून चाललंय, फंक्शन चालू आहे.

८ जाने.
वैशाली. या वर्षी गणित झेपेल अशी एकटीच.
"सर, दोघांचं उत्तर एकच आलं तं चालते?"
"चालतं."
"सगळ्यांचंच एक आलं तं?"
"तरी चालतं. कॉन्स्टंट फंक्शन. रेंजमध्ये एकच घटक."
"मंग आमचं गाव फंक्शन हाये, सर. कोणालेबी टाका, मिरचीच निघते."
वर्ग हसला. मीही हसलो, निर्लज्जासारखा. कोडोमेनमध्ये इंजिनीअर, नर्स, तलाठी सगळं लिहून ठेवलंय आपण. लिहायला काय जातं!
सुटताना म्हणाली, सोमवारी तीपण चालली. येणार ते परीक्षा उरकल्यावर. म्हणजे वर्ष गेलं. म्हणजे शिक्षणच.

११ जाने., रवि.
तिच्या गावी गेलो. आई भांडी पोत्यात भरत होती. मी भाषण झोडलं. तिनं ऐकून घेतलं.
"शिकाले मी नाई म्हणून राह्यली का, सर? पण घराले कुलूप लागते. पोरीले एकटी कुठी ठेवू?"
तोंडातून निघून गेलं, आमच्याकडे.
"घरच्या बाईले इचारलं का?"
नव्हतं विचारलं. वैशाली मान खाली घालून पोत्याचं तोंड शिवत राहिली. आई म्हणाली, पाहू.
घरी आम्ही दोघंच. सौ.ला सांगितलं. "वा! अख्ख्या चामोर्शी गावात दानशूर एकटे तुम्हीच. रांधायचं कोणी?" हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

१२ जाने.
टेम्पो सकाळीच गेला म्हणे. कॉलेज सुटल्यावर त्यांच्या घरापर्यंत जाऊन आलो. कुलूप. वर्गातही नव्हती. त्या घरात फोन एकच, आईजवळ, बंद.
सौ.ला यातलं काही सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. स्वयंपाकघरात डोकावलो तर तिघांचे तांदूळ निवडत बसली होती.