मे महिन्याचे पॉइंट

भंडारा
१३ डिसेंबर १९८७

आदरणीय मालनताईस,
परसरामचा सप्रेम जयभीम वि. वि.

आम्ही दोघे खुशाल आहोत. तुझ्या शाळेची तपासणी आटोपली असेल, धानाची मळणीही झाली असेल.

ताई, येत्या मे महिन्यात मी तुला पचमढीला नेणार आहे! मागच्या रविवारी नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलात ‘गिरिविश्राम’ कंपनीने बोलावले होते. नवराबायको दोघांनी यावे अशी अटच होती. चहा, पॅटिस, डोंगरांचा सिनेमा आणि निघताना सुमनला थर्मास. टायवाला साहेब मला सर म्हणत होता. सवलत फक्त आजच आहे असे तो म्हणाला, म्हणून मी तिथेच पैसे भरून सही केली.

योजना अशी. आपण खोली विकत घेत नाही, पॉइंट घेतो. एकदा सभासद झालो की दरवर्षी आपल्या नावावर शंभर पॉइंट जमा होतात, तेही पंचवीस वर्षे. कंपनीचे बंगले पचमढी, महाबळेश्वर, उटी इथे आहेत. प्रत्येक खोलीचे पॉइंट ठरलेले; तेवढे मोडायचे आणि आठवडाभर राहायचे, भाडे नाही.

दुसऱ्याच्या बांधीत धानाचा रोवणा करून तू मला मॅट्रिक केलेस. आता एक आठवडा थंड हवा खा. नाही म्हणू नकोस.

तुझ्या मायेतला,
परसराम

आंधळगाव
२२ डिसेंबर १९८७

चि. परसराम व सौ. सुमन,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

पत्र भेटलं. दोनदा वाचलं, तरी खोली कोणाची ते समजलं नाही. पैसे दिले, खोली नाही. पॉइंट आहेत, तेही हातात नाही. मी शाळेत पोरायले मार्क देते, ते घेऊन कोणी बाजारात जात नाही बापा. रेशन कार्डासारखं आहे का हे? कार्ड आपल्या घरी, साखर दुकानात. असली तर असली. मे महिन्यात सारेच डोंगरावर जाऊ म्हणतील, तेव्हा काय, हे विचारलं काय त्या टायवाल्याले? एका वर्षी गेलो नाही तर पॉइंटचं काय होते? सही करायच्या आधी मले एक पोस्टकार्ड टाकायले काय झालं होतं तुले? सुमनले थर्मास पाहिजे होता तर तो भंडाऱ्याच्या बाजारातही भेटत होता.

राग मानू नको. पचमढी मी आजवर भूगोलाच्या पुस्तकातूनच शिकवली. तू नेतो म्हणतो, याचंच मले खूप वाटलं.

माया करत राहा, पण उत्तर नीट दे.
तुझी ताई

भंडारा
३ एप्रिल १९८८

आदरणीय ताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण नियमांचे पुस्तक कंपनीने आता पाठवले. तुझे सगळे प्रश्न बरोबर निघाले. हंगामांना रंग दिले आहेत. मे आणि दिवाळी लाल, पावसाळा हिरवा. लाल हंगामात पचमढीच्या खोलीला दोनशे पॉइंट, हिरव्यात साठ. म्हणजे आपल्या शंभरात पावसाळाच बसतो. उरलेले पॉइंट पुढच्या एकाच वर्षी चालतात, मग बुडतात. देखभालीचा खर्च मात्र गेलो न गेलो, दरवर्षी द्यायचा. सभासदत्व सोडायचे तर कंपनी परत घेत नाही, गिऱ्हाईक आपणच शोधायचे.

पावसाळ्यात तुझी शाळा आणि रोवणा, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी टायवाल्याला फोन केला. तो म्हणाला, पुढच्या वर्षीचे शंभर आधीच वापरा, झाले दोनशे. ते केले. आता नाव प्रतीक्षा यादीत आहे. ऐनवेळी कोणीतरी येत नाही आणि खोली रिकामी होतेच, बिनधास्त या, असे त्याने सांगितले. तेव्हा मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात निघू. सुमनने तुझ्यासाठी स्वेटर विणायला घेतला आहे.

रागावलीस तरी ये, एवढीच विनंती.
परसराम

आंधळगाव
२ जून १९८८

चि. परसराम,
आशीर्वाद.

येताना बसमध्ये मी तुझ्याशी बोलली नाही. सुमन बिचारी दोघांच्या मध्ये बसून होती. तुले वाटलं असेल, खोली भेटली नाही म्हणून ताई रुसली. तसं नाही. धर्मशाळेत मी छान झोपली. धबधबाही पाहिला.

पण त्या बंगल्याच्या ओट्यावर आपल्याले दुपारपर्यंत बसवून ठेवलं, ते मी विसरत नाही. आतमध्ये लोक जेवून राहिले होते आणि आपण बाहेर पिशव्या धरून. पाणी मागितलं तर तो काउंटरवरचा पोट्टा म्हणे, मागे नळ आहे. नंतर म्हणे, यादी म्हणजे खोली नव्हे, तुम्ही हिरव्यावाले, लाल महिन्यात आलेच कसे. असं म्हणे जसा आपण चोरून आलो!

आणि तू काय केलं? तू त्याले हात जोडले. माफ करा साहेब, आमचीच चूक झाली म्हटलं. काहून? कोणती चूक? पैसे तू दिले, बोलावलं त्यायनं, खोटं बोलला तो टायवाला, आणि माफी तू मागतो? आपल्या बानं छप्पन साली नागपूरले जाऊन दीक्षा घेतली, ती लेकानं कोणाच्या ओट्यावर हात जोडून उभं राहावं म्हणून नाही घेतली. बा असता तर तिथेच बोलला असता.

मले डोंगर नाही पाहिजे. मले माझा भाऊ ताठ पाहिजे.

सुमनले स्वेटर मस्त झाला म्हणून सांग. तुझ्यावर राग आहे, तो सध्या राहू दे.
ताई

भंडारा
१८ सप्टेंबर १९८८

आदरणीय ताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझ्या पत्राला तीन महिने उत्तर दिले नाही. आता लिहिण्यासारखे घडले आहे.

गेल्या पंधरवड्यात टायवाला घरी आला. मी चहा विचारला नाही. त्यानेच सांगितले, तुमसरला राइस मिलवाल्यांची सभा आहे, भंडाऱ्याचा समाधानी सभासद म्हणून तुम्ही चार शब्द बोला. त्या बदल्यात जादा पॉइंट आणि पुढच्या मे महिन्याची पक्की खोली, छापील कागदावर. ताई, खोटे कशाला बोलू, माझे मन हलले. तुला खोलीतून डोंगर दाखवता येईल असे वाटले. सुमन मात्र म्हणाली, जा, पण जे झालं तेच सांगा.

मी गेलो. तोच सिनेमा, तसेच थर्मास टेबलावर मांडलेले. त्याने मला सर, सर म्हणत माइकसमोर उभे केले. समोर नवराबायकोंच्या जोड्या नटूनथटून बसल्या होत्या, जसे आम्ही बसलो होतो. मी सुरुवात केली ती लाल आणि हिरव्यापासून. मग उसने पॉइंट, मग यादी. नंतर सांगितले की माझ्या मोठ्या बहिणीला, जी मास्तरीण आहे, हे लोक ओट्यावर बसवतात आणि पाण्यासाठी मागच्या नळावर पाठवतात. तिथे माइक बंद झाला. टायवाला माझा दंड धरून हसत हसत लोकांना म्हणे, सरांची तब्येत बरोबर नाही.

तेव्हा काय झाले कोण जाणे, मी दंड सोडवला आणि ओरडलो, माही तब्येत चांगली हाये, तुमचा धंदा चांगला नाही! वासुदेवराव म्हणून एक मिलवाले पहिल्या रांगेत होते. ते उठले आणि त्यांनी टायवाल्याला विचारले की मे महिन्यात किती खोल्या आहेत आणि किती सभासद. तो म्हणे, आकडा मुख्य कचेरीत. वासुदेवरावांनी बायकोला उठवले आणि चालू लागले. त्यांच्यामागे खुर्च्या वाजायला लागल्या. थर्मास तसेच राहिले.

काल कंपनीचे रजिस्टर पत्र आले. बदनामी केल्याबद्दल माझे सभासदत्व रद्द, भरलेले काही परत मिळणार नाही. सुमन रात्री थोडी रडली. मला वाईट वाटले, पण हात जोडावेसे वाटले नाहीत.

राग उतरला असेल तर दोन ओळी टाक.
परसराम

आंधळगाव
२५ सप्टेंबर १९८८

माझ्या परसरामा,
आणि त्याले खरं बोलायले लावणाऱ्या सुमनले, खूप खूप आशीर्वाद.

पत्र शाळेतच वाचलं. मधल्या सुटीची घंटा झालेली मले ऐकू आली नाही.

रद्द करतात म्हणजे काय? लुबाडलं त्यायनं आणि बदनामी आपण केली? चूप बसू नको. गिऱ्हाईकासाठी नवा कायदा झाला आहे, असं आमचे हेडमास्तर सांगून राहिले होते. भंडाऱ्यात चांगला वकील पाहा आणि दावा लाव. वेळ लागला तर लागू दे.

साक्षीदार म्हणून माझं नाव टाक. नुसतं ताई लिहू नको. मालनबाई गजभिये, शिक्षिका, असं पुरं लिही. तारीख लागली की कळव, मी रजा काढून येईन, रोवणा असला तरी.

तुझी,
ताई