समुद्रातली झाडं

८ नोव्हें.
सकाळभर धानाचे भारे. चारला मारोतीकडे. लकव्याने डावी बाजू गेली, पण उजव्या हाताने माऊस असा धरतो की जणू वल्हं. बापाचा जीव रमावा म्हणून प्रशांतने नागपूरहून जुना लॅपटॉप आणून दिला, त्यात हा पाणबुडीचा खेळ. शुगरने मारोतीला बारीक दिसत नाही. म्हणून सुकाणू त्याचं, डोळे माझे. बोट वर आली की दुर्बिणीतून चारही अंगं न्याहाळायची अन् सांगायचं.
"दाम्या, दिसून राहिलं का काही?"
"पाणीच आहे."
"पाणी तर मलेही दिसते बे. पाण्यावर काय ते सांग!"
वैनी चहा घेऊन दारातच थांबल्या, म्हणे, "दोघं म्हातारे अन् हसणं पोरावानी."

१३ नोव्हें.
धूर दिसला. आधी पिंजलेल्या कापसाच्या बोळ्याएवढा, मग काळा. मालाचं जहाज. बुडवलं. मारोतीला टाळी वाजवायची होती. एका हाताची कशी वाजणार? माझा तळवा पुढे केला.
मग हात मागे घेत म्हणाला, "त्याच्यात बसलेले लोक कुठं गेले असतीन?"
"होडीत."
"होडी तर दाखवली नाई."
या खेळात सोपा डावही आहे, बुडालं तर मागच्या जागेवरून पुन्हा सुरू. याने मुद्दाम कठीण घेतला. बोट बुडाली की सगळं संपलं. पोळ्यापासून हीच एक बोट चालवतो आहे. सोपा घे म्हटलं तर म्हणे, "नदीनं दिला का कधी कोणाले दुसरा डाव?" उभा जन्म वैनगंगेत डोंगा चालवलेला माणूस.

१९ नोव्हें.
बोट गेली. लिहवत नाही.
चारही अंगं पाहिली होती. उजवीकडे लांब पाण्यावर चार काड्या उभ्या. काळ्या, सरळ. मी बोललोच नाही. गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेल्यापासून पाण्यात काड्या म्हणजे आपली बुडालेली आंब्या-मोहाची झाडं. रोजचंच. नजर तिथे थांबतच नाही. समुद्रात झाड कुठून येणार, एवढं डोक्यात आलं नाही. जहाजाच्या डोलकाठ्या होत्या. समुद्रावर लांबून जहाज आधी काठ्यांनी वर येतं, धड मागून. लढाऊ निघालं. बुडी मारायला वेळ मिळाला नाही.
"तुले दिसलं नव्हतं का?"
"दिसलं. झाडं वाटली."
"समुद्रात झाडं! धान काप तू, धान. पाण्याकडे पाहू नको."
लागलं. मीही बोलून गेलो, "काहून एवढा तापतं? कोणाचा जीव थोडीच गेला. खेळच तर आहे."
त्याने भिंतीकडे तोंड केलं. चहा न घेता आलो.

२० नोव्हें.
गेलो नाही. चूक माझी, तोंडही माझंच सुटलं, अन् रुसून बसलो तोही मीच. वा रे शहाणा.

२५ नोव्हें.
अड्याळच्या बाजारात वैनी. वांगी निवडता निवडता म्हणाल्या, "भाऊजी, काहून येऊन नाई राहिले? ते कम्प्युटर उघडतच नाईत. डॉक्टरनं चेंडू दाबाले सांगितला, तोही फेकून देला. कायले, म्हणते."
"येतो" म्हटलं. मान वर झाली नाही.
हाड मोडलं तर बांबूची खपची बांधता येते. तोंडातून निसटलेल्या शब्दाला काय बांधावं?

२७ नोव्हें.
धानाचं निमित्त. गेलो नाही. धान काही पळून जात नव्हतं.

२९ नोव्हें.
गेलो. प्रशांत आलेला. बापाला नागपूरला नेतो म्हणे, कायमचं. "काका, तिथं व्यायाम करून घ्याले माणूस येते. इथं बाबा आता काहीच करत नाई. तुमच्यासंग बसत होते तवा उजवा हात तरी चालत होता."
पोराने टोमणा मारला नाही. सरळ बोलला. म्हणून जास्त टोचलं.
मारोती आढ्याकडे पाहत होता. "राहू दे त्याला इथेच, मी रोज येतो" हे ओठांपर्यंत आलं. पण दहा दिवस न फिरकलेल्या माणसाने कोणत्या तोंडाने

१ डिसें.
सामान बांधणं चालू. लॅपटॉप बॅगेत गेला. वैनी भांडी पुसून परत तिथेच ठेवतात, बांधत नाहीत.
खाटेवर बसलो. म्हटलं, "मारोती, खेळ नव्हता तो. चुकलो."
त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग भिंतीकडेच तोंड ठेवून, "मलेही दिसल्या होत्या त्या काड्या. धुकट. मलेही झाडंच वाटली, दाम्या. डोंगेवाल्याले." अन् मग, "तुह्यावर काय तापू. सोताचाच राग आला होता."
त्याचा उजवा हात हातात घेतला. बोटं कडक झालीत. बारा दिवसांत एवढी.
जाताना अंगणात प्रशांतला म्हटलं, "महिनाभर थांब. चेंडू मी दाबून घेतो, व्यायाम मी करून घेतो. शिकव मले."
"गाडी सांगून झाली, काका."
"माहीत आहे."
"बाबाले विचारतो," एवढंच म्हणून आत गेला. मारोतीचा आवाज काही आला नाही. हे मी बाजारातच वैनींना बोललो असतो तर

२ डिसें.
सकाळ. धुकं आहे. त्यांच्या दारात गाडी आलेली दिसते. मागचं दार उघडं आहे, आत अजून काही ठेवलेलं दिसत नाही. की इथून दिसत नसेल. चप्पल घालतो, जवळ जाऊन पाहतो.